अवाँगार्द पियानिस्ट, जुन्या धाटणीचा ट्रिओ आणि कोल्हापुरातला हॉल

पियानो, डबल बास आणि ड्रम्स. जॅझमधली ही जुळणी इतकी रुळलेली आहे की माइक कुठे लावायचे याचे ठोकताळे रेकॉर्डिंग करणाऱ्यांना पाठ असतात. पण पियानोवर फ्री, म्हणजे ठरलेला साचा सोडून मोकळं वाजवणारा माणूस बसला की हेच ठोकताळे फसतात. तो कोपरापासून अख्खा हात पट्ट्यांवर टाकतो, मध्येच उठून थेट तारा छेडतो आणि बत्तीस बारचा फॉर्म, म्हणजे फिरून फिरून येणारं आवर्तन, चालू असताना खुशाल बाहेर फिरून येतो. अशा वेळी पहिला बळी जातो तो बासचा.

आणि बास गेला तर सगळंच गेलं. पियानिस्ट फॉर्म सोडून जातो तेव्हा फॉर्म कुठवर आलाय हे सांगायला बास आणि राइड सिंबल (ड्रमरची लय धरणारी मोठी झांज) एवढेच उरतात. ख्यालात गायक लयीशी कितीही खेळला तरी खाली ठेका चालू असतो, म्हणून समेवर आल्याची मजा कळते. अल्लादियाखाँसाहेबांनी जिथं दरबार गाजवला त्या कोल्हापुरात हे फोड करून सांगायला नको. इथे ठेका बासकडे आहे. तो ऐकू आला तर पियानिस्टचं बाहेर जाणं कळतं, नाही तर ऐकणाऱ्याला नुसता दंगा ऐकू येतो.

फ्री पियानिस्ट सेसिल टेलरचं १९६२ सालचं कोपनहेगनमधलं त्रिकुट आठवा. सोबत जिमी लायन्सचा अल्टो सॅक्सोफोन आणि सनी मरेचे ड्रम्स होते, बास नव्हताच, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता. दुसऱ्या टोकाला पियानिस्ट बिल एव्हान्सच्या ट्रिओचं २५ जून १९६१ चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग. स्कॉट लाफारोचा बास तिथे पियानोच्या बरोबरीने बोलतो. आपल्याला पहिल्यासारखा हात आणि दुसऱ्यासारखा बास एकाच खोलीत हवाय. खालचं सगळं त्यासाठी.

महिना, वेळ आणि हॉल

जून ते सप्टेंबर विचारही करू नका. पत्र्यावरचा पाऊस हे एक कारण झालं. दुसरं, दमट हवेत पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि सूर वर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही. मधल्या सप्तकांत जास्त. आज लावलेला पियानो परवा आपला राहत नाही. पाऊस उघडला तरी गणपतीत डॉल्बी आणि ढोल-ताशापुढे कुठलीच भिंत टिकत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फक्त लग्नाच्या तिथी आधी बघून घ्या, कारण त्या दिवशी हॉलही मिळत नाही आणि वराती रात्री उशिरापर्यंत चालतात. रेकॉर्डिंग रात्री दहा ते पहाटे चार. शाहूपुरीत स्टेशनच्या जवळचा हॉल असेल तर गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा. इंजिनाचा भोंगा भिंतीतून येतो.

हॉल ठरवण्याआधी त्याच वेळी, म्हणजे रात्रीच, जाऊन दारं-खिडक्या लावून पंधरा मिनिटं शांततेचं रेकॉर्डिंग करा. पंखे बंद. जुन्या ट्यूबलाइटची चोक शंभर हर्ट्झवर गुणगुणते, तीही बंद. स्वयंपाकघरातला फ्रीज सगळे विसरतात. तो बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवा. सकाळी निघताना तो परत चालू केल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही.

आता हॉलचा घुमारा. समजा हॉल १० मीटर लांब, ८ रुंद आणि ४.५ उंच आहे. घनफळ ३६० घनमीटर. गिलावा, शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर सगळं मिळून शोषण जेमतेम १६ चौरस मीटर भरतं. सॅबिनचं सूत्र लावा: ०.१६१ गुणिले ३६० भागिले १६, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या वर घुमारा. भजनाला चालेल, राइड सिंबलला नाही. आपल्याला सेकंदाच्या आत, ०.९ च्या आसपास यायचंय. त्यासाठी आणखी ४७-४८ चौरस मीटर शोषण लागेल.

इथे वाकळ कामाला येते. पाच बाय सात फुटांची जाड वाकळ म्हणजे सव्वातीन चौरस मीटर; शोषणाचा गुणांक ०.६ धरला तर एकीमागे जवळपास दोन. पंचवीस वाकळा टांगल्या की घुमारा ०.९ सेकंदाच्या आसपास येतो. मंडपवाल्याकडून लोखंडी पाइप आणि खोबण्या आणा, आडव्या पाइपवर वाकळा टाका आणि भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे ठेवा. भिंतीला चिकटवली तर वाकळ फक्त वरचे सूर खाते, मधले सोडून देते. घोंगड्यांचंही तेच. घोंगडी पातळ असते. नुसत्या घोंगड्यांनी भरलेला हॉल वरून मुका आणि खालून घुमणारा होतो, म्हणजे आपल्याला नको तेच. घोंगडी ड्रम्सच्या मागे एखाददुसरी पुरे. चारही कोपऱ्यांत गाद्यांच्या उभ्या थप्प्या लावा.

पण खालच्या सुरांना वाकळही पुरत नाही, गादीही नाही. तिथे जागाच बदलावी लागते. ८ मीटर रुंदीच्या हॉलमध्ये ४२.९ हर्ट्झला लाट उभी राहते. बासची सगळ्यात जाड ई तार ४१.२ हर्ट्झची, तिच्यावरचा एफ ४३.७ चा. म्हणजे नेमके हे दोन सूर भसकन फुगतात आणि बाकीचे कोरडे राहतात. बासवाला चांगला वाजवत असूनही कच्चा वाटतो. उपाय सोपा आहे. या लाटेचा शांत बिंदू रुंदीच्या पाव भागावर असतो, म्हणजे लांब भिंतीपासून बरोबर २ मीटरवर. बास तिथे उभा करा, तो ती लाट पेटवतच नाही. छताची ३८ हर्ट्झची लाट मात्र जागा बदलून चुकवता येत नाही, ती सोसायची. तुमच्या हॉलसाठी गणित हेच: ३४३ ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) रुंदीने भागा, येणारा आकडा बासच्या सुरांशी ताडून बघा.

पियानो आणि ट्यूनर

सात फुटी ग्रँड साधारण चारशे किलोचा असतो. तो हलवला की किमान दोन दिवस नुसता राहू द्या, हॉलची हवा त्याला लागली पाहिजे. ट्यूनर बाहेरगावाहून येणार असेल तर त्याला दोन्ही रात्री मुक्कामाला ठेवा. एकदा लावून परत पाठवणं ही खोटी बचत. क्लस्टर (पंजाने किंवा कोपराने एकदम दाबलेले शेजारशेजारचे सूर) जोरात पडले की तीन-तीन तारांच्या जुळण्या आधी सुटतात आणि मग साधा बॅलडही कण्हल्यासारखा वाजतो. संध्याकाळी पूर्ण ट्यूनिंगला दीड-दोन तास, मध्यंतरात पंधरा-वीस मिनिटं डागडुजी. ट्यूनरला आधीच सांगा की कोपराने वाजवणार आहेत. तो प्रत्येक सूर ठोकून ठोकून बसवेल आणि वरच्या तारांची सुटी वायर सोबत आणेल.

तारांना हात लावायचा असेल तर पियानोच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले हवेत. तांबडा-पांढरा ओरपून आलेल्या बोटांनी तारा गंजतात. सूर सापडावेत म्हणून खुणा करायच्या तर कागदी स्टिकरचे बारीक तुकडे डॅम्परच्या (तारेचा आवाज थांबवणाऱ्या ठोकळ्याच्या) माथ्यावर, तारांवर नाही. खडू अजिबात नको. तांब्याचं वेटोळं असलेल्या खालच्या तारांवर धातू घासायचा नाही. वेटोळं सैल झालं की तो सूर कायमचा खरखरतो. खोडरबर, फेल्ट, जाड पुठ्ठा हे मधल्या सप्तकांत चालतं, पण घालताना आणि काढताना उजवा पेडल दाबलेला हवा, म्हणजे डॅम्पर वाकडे होत नाहीत.

ग्रँड मिळालाच नाही तर अपराइटवर (उभ्या पियानोवर) काम होतं, पण तारांवरचं निम्मं वाजवणं विसरा.

स्टूलचे बोल्ट आवळा. पेडलखाली सतरंजीचा तुकडा टाका. आणि करकर वाजणारी कोल्हापुरी दाराबाहेरच. ती कितीही झोकात असली तरी माइकला तिचं कौतुक नाही.

कोण कुठे

लांब भिंतीला समांतर तिघं एका ओळीत: डावीकडे पियानो, मध्ये बास, उजवीकडे ड्रम्स. पियानोचं झाकण पूर्ण उघडं, उघडी बाजू बासकडे. बासवाला पियानोच्या कमरेच्या वळणापासून सव्वा-दीड मीटरवर, ड्रम्स पियानोपासून तीनेक मीटरवर. बासवाल्याचं तोंड मोकळ्या हॉलकडे. त्याने मान डावीकडे वळवली की पियानिस्टचे हात आणि उजवीकडे वळवली की राइड सिंबल दिसली पाहिजे. डोळ्याला डोळा भिडत नसेल तर फ्री तुकडा संपायचा कधी हे कुणालाच कळत नाही.

या ओळीमागे कारण आहे. बासला फिगर-एट माइक लावायचा. असा माइक पुढून आणि मागून ऐकतो आणि दोन्ही बाजूंना जवळपास बहिरा असतो. पियानो आणि ड्रम्स नेमके त्या बहिऱ्या बाजूंना येतात. मागच्या कानात येतो तो फक्त पाच मीटरवरचा मोकळा हॉल, तिथे दोन वाकळा टांगा. या एका गोष्टीने बास जेवढा सुटा होतो तेवढा काचेच्या खोलीत कोंडूनही होत नाही, कारण कोंडलेला बासवाला वेगळंच वाजवतो.

माइक बासच्या घोडीपासून २० सेंटिमीटरवर, घोडी आणि जी तारेकडचं एफ-छिद्र यांच्या मध्ये रोखलेला. छिद्राच्या तोंडाशी नेला की नुसतं घुमतं, फार वर नेला की फक्त बोटांची टकटक. शहाबादी फरशीवर बासची खालची सळई घसरते; लाकडी फळीला खळगा पाडून ती त्यात रोवा. बासला चिकटवलेल्या पिकअपची वायर वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पण अडीनडीलाच. तो आवाज रबरासारखा असतो.

पियानोला दोन कार्डिऑइड (पुढून ऐकणारे, पाठीकडून बहिरे) माइक झाकणाखाली. नेहमी ते हातोड्यांच्या मागे, तारांपासून २५-३० सेंटिमीटरवर असतात. इथे ४५ वर न्या आणि स्टँड शेपटीकडून आत घ्या, पट्ट्यांच्या बाजूने नाही. नाही तर पियानिस्ट तारा छेडायला वाकला की त्याचं डोकं माइकला लागणार, आणि नेमका तोच टेक सगळ्यात चांगला असणार. एक माइक वरच्या दोन सप्तकांवर, दुसरा जाड तारा बारीक तारांना ओलांडतात तिथे, दोन्हींची पाठ ड्रम्सकडे. लांब बूमचे हलके स्टँड पुढे झुकतात. शिवाजी उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून पाच-सहा किलोची, मध्ये भोक असलेली लोखंडी चकती करून घ्या आणि पायथ्याशी अडकवा. वाळूच्या पिशवीपेक्षा बरी, आणि खसखस आवाजही नाही.

ड्रम्स लहान हवेत: १८ इंची बास ड्रम, दोन्ही कातडी शाबूत, भोक नसलेला, १४ चा स्नेअर, १२ आणि १४ चे टॉम. खाली जाड सतरंजी. दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वरचे माइक), दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर, साधारण मीटरभर. दोरी लावून मोजा. बास ड्रमला एक माइक, कातड्यापासून २५ सेंटिमीटरवर. एवढंच. ड्रम्स आणि बासमध्ये कमरेइतक्या उंचीच्या पाइपवर वाकळ दुहेरी टाका; आवाज अडतो, नजर अडत नाही.

शेवटी हॉलची जोडी: दोन कार्डिऑइड, मध्ये १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश, वादकांपासून तीन मीटर, उंची अडीच मीटर.

पातळी

फ्री पियानिस्ट जितका हळू वाजवतो तितकाच जोरातही वाजवतो. त्याला सांगा, खालच्या सप्तकात दोन्ही कोपर जितक्या जोरात टाकता येतील तितक्या टाका. मीटरवर ते शिखर −१२ ला येईल असा गेन लावा, आणि मग अजून ६ डेसिबल खाली घ्या. रंगात आल्यावर तो चाचणीपेक्षा जोरात वाजवणारच. २४ बिटमध्ये यातून काही गमावत नाही. हॉलचा स्वतःचा खळखळाट यंत्राच्या खळखळाटापेक्षा कितीतरी मोठा असतो. ३२ बिट फ्लोटच्या भरवशावर मात्र राहू नका. माइकच आतून फाटला तर कुठलाच फ्लोट तो शिवत नाही. पियानोच्या माइकवर −१० चा पॅड (पातळी उतरवणारा खटका) लावा.

आठ-दहा ट्रॅक, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे दहा ट्रॅकना तासाला सव्वादहा जीबीच्या वर. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहा. लाइट गेली तर दहा मिनिटं तग धरेल असा शुद्ध साइन-वेव्हचा यूपीएस हवा. स्वस्त इन्व्हर्टरचा भुणभुणाट थेट पियानोत उतरतो.

मग चार तुकडे, प्रत्येकी दोन मिनिटं, हेडफोनशिवाय: ब्रशवर बॅलड, मध्यम लयीत वॉकिंग बासचा स्विंग, काठ्यांनी ड्रम्स आणि भरगच्च क्लस्टर, तारांवरचं नाजूक वाजवणं. ऐका. तिसऱ्या तुकड्यात बास बुडत असेल, आणि बहुधा बुडेलच, तर फेडरला (पातळीच्या सरकपट्टीला) हात लावू नका. आधी बास पियानोच्या वळणाकडे अर्धा मीटर सरकवा. मग ड्रमरला पातळ, हलक्या राइडऐवजी जरा जाड आहे का विचारा. पातळ सिंबल चळचळत राहते आणि बासची वरची धार खाते. तरीही नाही जमलं तर पियानिस्टशी बोला. मधल्या सीच्या खाली एक सप्तक सोडून त्याच्याही खाली डावा पंजा पडला की बासचे सगळे मूळ सूर झाकले जातात, त्याला इलाज नाही. त्याच्या वाजवण्याला वेसण घालायची नाही. पण ‘बासचा सोलो चालू असताना पंजा एक सप्तक वर’ एवढं सांगितलेलं कुठल्याही शहाण्या वादकाला पटतं.

पाझर, म्हणजे एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज, राहणारच. एक मीटर अंतर म्हणजे २.९ मिलिसेकंद उशीर. बासच्या माइकमधला पियानो उशिराच येतो आणि त्यातूनच खोली ऐकू येते. ट्रॅक ओढून ओढून जुळवत बसू नका, फक्त ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेचे अधिक-उणे) उलटी करून कुठे बास भरीव वाटतो ते बघा. पाझराचा एक तोटा आधीच सगळ्यांना सांगून ठेवा: एकट्याचा चुकलेला सूर नंतर दुरुस्त होणार नाही. तो इतर दोघांच्याही माइकमध्ये बसलेला असतो.

दोन रात्री

क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) नाही, हेडफोन नाही. तिघं बसले की रेकॉर्डिंग चालू. सर्वांत चांगली सुरुवात बऱ्याचदा ‘अजून सुरू नाही’ म्हणतानाच होते. क्रम ट्यूनिंग बघून ठरवा: पियानो ताजा असताना बॅलड, मग ब्लूज आणि बत्तीस बारचे तुकडे, क्लस्टरचा धुमाकूळ पहाटेला. उलटं केलंत तर बॅलडच्या वेळी ट्यूनर घोरत असेल आणि पियानो बेसूर असेल.

न वाजवणारा एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसवा. त्याचं काम फक्त फॉर्म मोजणं: कितव्या कोरसला (फॉर्मच्या फेरीला) पियानिस्ट बाहेर गेला, तिघं कुठे परत भेटले, बासवाल्याचा ‘एक’ कुठे हलला. वेळेसकट लिहायचं. तालाची समज असलेला तबलजी या कामाला उत्तम. जॅझ त्याने आधी ऐकलेलं नसलं तरी आवर्तन मोजायला त्याला शिकवावं लागत नाही. हा कागद नसेल तर नंतर सात टेकमधून निवड करताना तुम्ही फक्त जोश निवडाल.

प्रत्येक टेकनंतर शेवटची सिंबल पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. रात्र संपताना सगळ्यांना बसवून अर्ध्या मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा; जोडकामाला लागते. जोड द्यायचाच तर फॉर्मच्या तुकड्यात, नव्या कोरसच्या ‘एक’वर सिंबल पडते तिथे. फ्री तुकड्याला जोड देऊ नका.

मिक्सिंगमध्ये फारसं करायचं नाही, पण क्रम महत्त्वाचा. सगळे पियानोपासून सुरू करतात. तुम्ही बासचा फेडर आधी लावा, मग ओव्हरहेड, मग पियानो, मग हॉलची जोडी. बासवर ३० हर्ट्झखाली काट. क्लस्टर पडतो तेवढ्या सेकंदांपुरता पियानोचा १२० हर्ट्झखालचा भाग दोन डेसिबल उतरवा. बास वर चढवण्यापेक्षा हे बरं, कानाला कळतही नाही. कॉम्प्रेसर नको. एकूण आवाज −१८ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, शिखर −१ च्या खाली. स्ट्रीमिंगवाल्यांच्या −१४ च्या मागे लागून दाबलंत तर नाजूक तारा आणि कोपराचा दणका एकाच उंचीचे होतील.

मग फॉर्म मोजणाऱ्या त्याच माणसाला बोलवा. सगळ्यात दाट कोरस मोबाइलच्या स्पीकरवर लावा, कागद न देता, आणि प्रत्येक कोरसच्या ‘एक’ला टाळी द्यायला सांगा. मोबाइलवर बासचा तळ येत नाही, फक्त वरची धार येते. टाळी चुकली तर पियानो अर्धा डेसिबल खाली घ्या आणि पुन्हा लावा. टाळी बरोबर पडेपर्यंत.